दार दक्षिणेलाच राहू द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, घरात नवरा, सासूबाई आणि दोन लेकरं. मागच्या साली कपाशी पावसात गेली, पीककर्ज थकलं, धाकट्याचा खोकला जात नाही आणि नवरा ‘पहिल्यासारखा राहिला नाही’. बोलणं कमी झालंय, रात्री दोन वाजता उठून सपरीत (ओसरीत) बसून राहतो, कर्जाचा विषय निघाला की ताटावरून उठतो. नागपूरच्या जाऊबाईंनी फेंगशुईच्या, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी विद्येच्या, एका सल्लागाराचा नंबर दिला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर घराचे फोटो आणि वहीच्या पानावर काढलेला नकाशा मागवला, ५,१०० रुपये घेतले आणि सांगितलं: दक्षिणेचं दार अशुभ आहे, ते बुजवून उत्तरेला काढा. वायव्येची चूल आग्नेयेला न्या. पलंग दाराच्या रेषेतून हलवा, त्याच्याखालचं सामान काढा. शिवाय लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक आणि विंड चाइम असं ३,६०० रुपयांचं सामान कुरिअरने आलं. मिस्त्रीने दार आणि चुलीच्या कामाचा अंदाज ८५ हजार दिलाय. माजघरात २२ क्विंटल कापूस भावाची वाट पाहत पडलाय, तो विकून काम उरका असं जाऊबाईंचं म्हणणं. सासूबाईंनी देव्हाऱ्याजवळचा बेडूक पाहिला, ‘हे इथं कायले ठेवलं?’ एवढंच विचारलं, त्यावर टोपलं पालथं घातलं आणि चार दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. ताई विचारतात: कापूस विकून दार फिरवू का, आणि सासूबाईंची समजूत कशी काढू? पत्रासोबत त्यांनी तेच फोटो आणि नकाशा जोडला आहे, आणि शेवटी सहज एक ओळ लिहिली आहे: ‘पलंगाखाली फवारणीची औषधं आहेत, ती काढायला यांना वेळच मिळत नाही.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीवर थांबले. दाराचं आपण बोलूच, पण आधी पलंगाखाली वाकून बघा.

सल्लागारांनी पलंगाखालचं सामान काढायला सांगितलं, ते फेंगशुईत खरोखरच सांगितलेलं आहे. झोपतो त्याच्याखाली अडगळ असू नये, वारा खेळता राहावा, असं ती विद्या मानते. त्यांच्या सगळ्या सल्ल्यांपैकी हा एक मात्र आज संध्याकाळच्या आत पाळा. कारण तुमच्या पलंगाखाली विष आहे. अर्धवट वापरलेल्या बाटलीचं झाकण पुष्कळदा पुरतं बसत नाही, वास येत राहतो, आणि त्याच पलंगावर तुमचं खोकणारं लेकरू झोपतं. यवतमाळ जिल्ह्याला हे मी बाहेरून काय सांगावं? २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन किती माणसं दवाखान्यात भरती झाली आणि किती परत आली नाहीत, हे तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरं कारण मी स्पष्टच लिहिते, राग मानू नका. रात्री दोन वाजता उठून बसणारा, बोलणं टाकलेला, कर्जाखाली दबलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरात ही औषधं हाताशी असू नयेत. अशा माणसाच्या मनात वाईट विचाराची लाट येते आणि बहुतेकदा ओसरूनही जाते. त्या थोड्या वेळात बाटली हाताला लागली नाही, तर जीव वाचतो. म्हणून एक पत्र्याची पेटी घ्या, कुलूप लावा आणि ती राहत्या घराबाहेर ठेवा, लेकरांच्या आणि जनावरांच्या वाटेवर नाही अशा जागी. किल्ली सासूबाईंच्या कमरेला असू द्या. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात तेल-रॉकेल भरायची सवय असेल तर तीही आजपासून बंद. नवऱ्याने विचारलं तर सांगा, पोराच्या खोकल्यासाठी बाहेर काढली आणि तुमच्या काळजीसाठीही. दोन्ही खरंच आहे.

मग त्यांच्याशी बोला. रात्री ते सपरीत जाऊन बसतात, तेव्हा तुम्हीही उठा आणि शेजारी जाऊन बसा. लगेच काही विचारू नका. दोन-तीन रात्री नुसतं बसलात तरी चालेल. मग विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का तुम्हाला?’ असं तोंडावर विचारलं तर तो विचार उलट डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. आतल्या आत कोंडलेल्या माणसाला कोणीतरी विचारलं याचाच आधार होतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ असं काही ते बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. रात्री-बेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यांनी फोन नाही केला तर तुम्ही करा, घरच्यांनाही तिथं सल्ला मिळतो. कॅलेंडरवर लिहून ठेवा. गावच्या आशाताईंना विश्वासात घेतलंत तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतची वाट सोपी होईल.

आता दाराकडे येऊ.

तुमचं दार अशुभ आहे, हे तुम्ही धरूनच चालला आहात, आणि ते फेंगशुईने सांगितलं असंही. पण ताई, दक्षिण वाईट ही समजूत आपल्याकडची आहे. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून आपण तिकडे पाय करून झोपत नाही, तिकडे दार नको म्हणतो. चीनमध्ये याच्या अगदी उलट आहे. तिथं घराचं तोंड दक्षिणेला असावं हीच जुनी, आदर्श मांडणी. बीजिंगच्या राजवाड्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे आणि सम्राट दक्षिणेकडे तोंड करूनच सिंहासनावर बसायचा. उत्तर ही कुबेराची दिशा, हेही आपलंच वास्तुशास्त्र. चूल आग्नेयेला, तेही आपलंच. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेतले फेंगशुईच्या नावाने आणि भिंत फोडायला सांगितली वास्तूच्या हिशेबाने. या दोन विद्या दोन वेगळ्या देशांत वाढल्या आणि कित्येक बाबतीत एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. दोन्ही एकत्र कालवल्या तर कुठलंही घर चुकीचंच ठरेल, आणि दर वेळी काहीतरी नवं फोडायला किंवा विकत घ्यायला निघेल.

चिनी लोकांना दक्षिण का आवडली, हे समजलं की तुमचं घर तुम्हालाच वाचता येईल. फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. ग्वो पू (२७६–३२४) या चिनी पंडिताच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात असं म्हटलंय की जमिनीतली प्राणशक्ती वाऱ्यावर उधळून जाते आणि पाणी आलं की थांबते. तो ग्रंथ पूर्वजांना पुरण्याची जागा कशी निवडावी यावर आहे. पुढे तोच विचार जिवंत माणसांच्या घरांना लागू होत गेला. त्या शक्तीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः ठेवत नाही. पण त्यामागचं जमिनीचं निरीक्षण अस्सल आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सायबेरियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो. म्हणून पाठीशी डोंगर, समोर उघडी जागा आणि पाणी, तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे. त्या मुलखात जगायचं तर घर असंच बांधावं लागतं.

आता हाच डोळा घेऊन आपल्या मुलखात उभ्या राहा. यवतमाळकडे छळणारा वारा कुठला? मे महिन्यात पश्चिमेकडून आणि वायव्येकडून झळा येतात, पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी एकनंतर गल्लीत कुत्रंही दिसत नाही. पूस-माघात थंडी येते ती उत्तरेच्या वाऱ्यावर. तुमचं दक्षिणेचं दार या दोघांकडे पाठ करून आहे. शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सकाळ-दुपारचं कोवळं ऊन तुमच्या सपरीत आतपर्यंत येत असेल. मे अखेरीस तोच सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, त्यामुळे सपरीचं टिन दाराला सावली धरतं. हे दार बुजवून उत्तरेला काढलं, तर जो वारा टाळण्यासाठी ही विद्या जन्मली, त्याच वाऱ्याच्या तोंडी तुम्ही जाल. आणि नकाशात उत्तरेला तुम्ही न्हाणी आणि मोरी दाखवली आहे. पाहुणा मोरीचं पाणी ओलांडून घरात येणार का?

जुन्या विटामातीच्या भिंतीत पावसाळ्याच्या तोंडावर नवं भगदाड पाडणं किती जोखमीचं, हे मिस्त्रीने सांगितलं नसेल तर त्याला विचारा.

चुलीचा मुद्दा मी असा झटकणार नाही, कारण तिथं तथ्य आहे. वारा पश्चिम-वायव्येकडून येतो आणि तुमची चूल त्याच कोपऱ्यात. म्हणजे पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) सगळा धूर स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून पोराच्या छातीत. ‘चूल आग्नेयेला’ म्हणणाऱ्या आपल्या जुन्या लोकांनी कदाचित हाच धूर पाहिला असेल. त्यासाठी खोली हलवायची गरज नाही. गॅस आहे तो आत राहू द्या. अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच लागत असतील, तर चूल परसात आडोशाला, घराच्या पूर्वेच्या अंगाला मांडा, म्हणजे धूर घराबाहेरच्या बाहेर जाईल. पावसाळ्यापुरती आतली चूल हवी असेल, तर वर धुराडं काढून घ्या. हजार-दोन हजारांत गावचा मिस्त्री करून देईल.

कापूस माजघरात आहे, असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात. मी कापसाच्या घरातच वाढले. आर्वीकडच्या आमच्या माहेरी दिवाळीनंतर मधली खोली आढ्यापर्यंत भरायची. आम्ही पोरं त्यावर उड्या मारायचो आणि रात्रभर अंग खाजवत बसायचो. आई म्हणायची, यंदा भाव नाही आला तर आपणच याच्यावर झोपू. फेंगशुई अडगळीबद्दल जे सांगते ते सगळं या एका ढिगात आहे. तो खिडकी अडवतो, वारा अडवतो, धूळ आणि किडे घेऊन येतो, आणि घरातला प्रत्येक माणूस दिवसातून वीस वेळा त्याच्याकडे बघून मनात हिशेब करतो. तुमचे मालक ताटावरून उठतात तेव्हा समोर तो ढीगच असतो ना? कधी विकायचा हा निर्णय शेतीच्या हिशेबाने घ्या, हप्ता, व्याज, खरिपाचं बियाणं सगळं धरून. दारासाठी विकू नका. पण तोवर लेकरांची अंथरुणं त्या खोलीतून हलवा, कापूस एका भिंतीला रचून ताडपत्रीने झाका, खिडकी मोकळी करा. दिवा, चूल, विडी त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. खोकला तरीही दोन आठवड्यांच्या वर राहिला तर पोराची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.

आणि पाणी. तुमच्या परसात मोरीचं पाणी उघड्यावर साचतं, असं फोटोत दिसलं. साचलेलं, सडकं पाणी घराजवळ नको, यावर फेंगशुई, सासूबाई आणि डॉक्टर या तिघांचं एकमत आहे. शोषखड्डा करून घ्या. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मग बारीक गिट्टी आणि रेती. काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, तेव्हा थोडा मोठाच करा. रोजगार हमीतून करता येतो का, ते ग्रामपंचायतीत विचारा. गाडगेबाबा आपल्याच अमरावतीकडचे. गावात आले की आधी खराटा घ्यायचे, कीर्तन रात्री. घरात शांतता आणायची असेल तर मी तरी त्याच क्रमाने जाईन.

पलंगाचा सल्लाही चांगला आहे आणि फुकटचा आहे. पलंग दाराच्या सरळ रेषेत नको, पण पडल्या पडल्या दार दिसावं, पाठीशी भक्कम भिंत असावी. अर्धी रात्र जागणाऱ्या माणसाला असं बरं वाटतं, हे मी पाहिलंय. फक्त पश्चिमेची भिंत टाळा, ती दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीला बाहेरून तट्ट्याचा आडोसा करा, आणि जागा असेल तर यंदाच्या पावसाळ्यात भिंतीपासून थोड्या अंतरावर कडुनिंब किंवा शेवगा लावा. उन्हाळ्यापूर्वी टिनाला वरून चुन्याचे दोन हात द्या, पांढरं छप्पर ऊन परतवून लावतं. कूलर असेल तर त्याच्या समोरची खिडकी किलकिली ठेवा. दमट हवेला बाहेर जायला वाट नसली तर कूलरने नुसतं चिकचिकतं. आई आमच्या पश्चिमेच्या खिडकीला बारदाना बांधायची आणि दुपारभर त्यावर लोट्याने पाणी मारायची. त्या ओल्या पोत्याचा वास आला की मला अजून माहेरची दुपार आठवते. वारा आणि पाणी एवढंच त्यात होतं, आणि घरात झोप लागायची.

राहिल्या त्या वस्तू. लाफिंग बुद्धा म्हणजे तथागत बुद्ध नव्हेत. तो बुदाई, चीनमधला एक फिरता, पोट सुटलेला, हसरा भिक्षू, खांद्यावर झोळी घेऊन हिंडणारा. तुमच्या गावात बौद्ध वस्ती असेल, घरोघरी तथागतांची तसबीर असेल. त्यांच्यासमोर या मूर्तीला बुद्ध म्हणून दाखवू नका. लेकरांना आवडली तर राहू द्या खेळण्यासारखी. बेडूक हा चिनी लोककथेतला धनाचा प्राणी आहे. त्याने कर्ज फिटलं असतं तर पावसाळ्यात आपल्या वावरात इतके असतात की अवघं विदर्भ श्रीमंत झालं असतं. तो देव्हाऱ्याजवळून मात्र आजच काढा. विंड चाइम सपरीत टांगा, वारा कुठून येतो ते कळायला कामी येईल.

सल्लागारांचा पुन्हा फोन येईल. जागेवर पाऊल न ठेवता, जमीन, उतार, वारा न पाहता फेंगशुई सांगता येत नाही. तिथले जाणकार होकायंत्र घेऊन घराभोवती फिरतात. फोटोवरून ८५ हजारांचं काम सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. जाऊबाईंशी भांडू नका, त्यांनी मायेनेच नंबर दिला. त्यांना म्हणा, दाराऐवजी दीरांनी आठ दिवस गावी यावं, भावाजवळ बसावं, बँकेत सोबत जावं. कर्जाचं पुनर्गठन होतं का, हे दोघा भावांनी मिळून विचारलं तर तुमच्या मालकांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.

आणि सासूबाई. तुम्ही त्यांची समजूत कशी काढू असं विचारता, म्हणजे चूक त्यांची आहे असं तुम्ही धरलंय. मला तसं वाटत नाही. चाळीस वर्षं ज्या घरात त्यांनी सडा टाकला, उंबरठा पुजला, त्या घराचं दार वाईट आहे असं एका परक्या माणसाने फोटो पाहून ठरवलं, आणि हे त्यांना कोणी विचारलंही नाही. त्या बेडकावर रागावल्या, असं मला तरी वाटत नाही. एखाद्या संध्याकाळी पोह्यांची बशी घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘आई, मामंजींनी दार इकडंच का ठेवलं होतं?’

त्या काय सांगतील ते मला माहीत नाही. पण त्या बोलतील, आणि बहुधा तुमचे मालकही सपरीतून ऐकतील. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा, आणि पेटीला कुलूप लावलंत का तेही.

तुमची,
ताई